जुनी मोटार नावावर करणे आणि तिचा विमा : पात्रता, कागदपत्रे व अर्ज प्रक्रिया

मोटार चालवण्याचा पक्का परवाना वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो. नुकताच परवाना हाती आलेला तरुण पहिली मोटार बहुधा जुनीच घेतो, आणि व्यवहार ठरवताना विक्रीच्या किमतीवर जितकी घासाघीस होते तितके लक्ष नोंदणी व विमा आपल्या नावावर होण्याकडे दिले जात नाही.

इसार देण्यापूर्वी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर वाहन क्रमांक टाकून नोंदणीची मुदत, कर्जाचा बोजा, विम्याची व पीयूसीची (प्रदूषण तपासणी प्रमाणपत्राची) तारीख पाहावी. थकलेली ई-चलाने विकणाऱ्याकडूनच भरून घ्यावीत. आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) चेसिस व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे ती दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. त्यामुळे चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तरी नूतनीकरणाचा आणि पर्यावरण कराचा खर्च तिच्या किमतीत धरूनच हिशेब करावा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेली आहे का, हेही पाहावे. दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांवर १० आणि पेट्रोल गाड्यांवर १५ वर्षांची मर्यादा घातली गेल्याने तिथल्या गाड्या कमी किमतीत महाराष्ट्रात येऊ लागल्या. मात्र अशा गाडीसाठी मूळ आरटीओचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते, इथला एकरकमी कर भरावा लागतो आणि क्रमांकही नवा घ्यावा लागतो. हे सगळे मिळवले की स्वस्ताई फारशी उरत नाही.

हस्तांतरणासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५० लागू होते. गाडी राज्यातलीच असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नमुना २९ (विक्रीची सूचना) द्यावा आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नमुना ३० मध्ये अर्ज करावा, असे ते सांगते. अर्ज परिवहन संकेतस्थळावर भरता येतो. त्यासोबत मूळ आरसी, चालू विमा, वैध पीयूसी, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, पॅन (नसल्यास त्याऐवजी नमुना ६० मधील घोषणापत्र) आणि छायाचित्रे लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा नमुना ३५ घेऊन बोजा आधी उतरवावा. कोऱ्या २९-३० वर सह्या घेऊन गाडी वापरत राहण्याची रीत अजूनही दिसते. ती दोघांनाही महागात पडते, कारण आरसीवर ज्याचे नाव तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

चालक तरुण असला की विमा आपोआप महाग होतो, हा समज आपल्याकडे फारसा लागू पडत नाही. सक्तीच्या थर्ड पार्टी (अपघातात इतरांच्या हानीची भरपाई देणाऱ्या) विम्याचा दर सरकार ठरवते आणि तो इंजिनाच्या क्षमतेवर अवलंबून असतो. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३४१६ रुपये आणि त्यापुढे ७८९७ रुपये असा वार्षिक दर होता, जीएसटी वेगळा. म्हणजे वॅगन-आरचे ९९८ सीसीचे इंजिन निवडले तर ११९७ सीसीच्या तुलनेत दरवर्षी १३२२ रुपये वाचतात. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मात्र कंपनीगणिक बदलतो, म्हणून दोन-तीन कंपन्यांचे दर मागवावेत. विम्यात धरलेली गाडीची किंमत मुद्दाम कमी लावून हप्ता उतरवू नये. चोरीच्या वेळी तेवढीच रक्कम हाती येते.

विकणाऱ्याचा विमा चालू असेल तर याच अधिनियमाच्या कलम १५७ नुसार थर्ड पार्टीचे संरक्षण गाडीबरोबर आपोआप येते. स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तसे येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निर्णय आहे. त्यामुळे व्यवहारानंतर १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करावा. सोबत मूळ पॉलिसी आणि नवी आरसी किंवा हस्तांतरणाच्या नमुन्यांच्या प्रती द्याव्यात. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, म्हणून जुन्या मालकाला मिळालेल्या सवलतीचा फरक कंपनी नव्या मालकाकडून वसूल करते.

वडिलांनी आपली गाडी नुकतीच विकली असेल आणि बोनसचे प्रमाणपत्र कंपनीकडून घेतले असेल, तर ते ३ वर्षे चालते. आता घेतली जाणारी गाडी खरोखर त्यांच्याच मालकीची राहणार असेल, तर त्यांच्या नावावर घेतल्यास नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. मुलाकडे वैध परवाना असेल तर त्याने गाडी चालवल्याने विमा बाधित होत नाही. मात्र १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण फक्त मालक-चालकाला असते. मुलासाठी ते पॉलिसीत जादा हप्ता भरून स्वतंत्रपणे घ्यावे लागते.