संग्रहालयाचे विश्वस्तपद

संग्रहालयातील वस्तू कायद्याने ज्यांच्या नावावर असतात, पण त्यांतली एकही ज्यांना आपली म्हणता येत नाही, अशांचे पद. बोलण्यात ‘ट्रस्टी’ हाच शब्द चालतो. कायद्यात आणि सभेच्या इतिवृत्तात ‘विश्वस्त’. सातारा जिल्ह्यात ट्रस्टी म्हटले की आधी देवस्थान आठवते आणि ती तुलना फारशी चुकीची नाही. देवाचे दागिने ज्यांच्या कुलपात असतात ते त्यांचे मालक नसतात. यात्रेला मोजून बाहेर काढायचे, मोजून आत ठेवायचे, एवढाच त्यांचा अधिकार. संग्रहालयात देवाच्या जागी पुढच्या पिढ्या असतात. त्या नवसाला पावत नाहीत, हा फरक मात्र आहे.

या पदाचे आजचे रूप ब्रिटिश संग्रहालयामुळे रूढ झाले. सर हान्स स्लोन यांनी आपला संग्रह वारसांना २०,००० पौंड द्यावेत या अटीवर राष्ट्राला देऊ केला आणि १७५३ मध्ये संसदेने कायदा करून तो विश्वस्तांच्या हाती सोपवला. राजाच्या खजिन्यात नाही आणि कोणा मंत्र्याच्या खात्यातही नाही, ही त्यातली मेख. भारतात कोलकात्याचे भारतीय संग्रहालय १८१४ पासूनचे. त्याचे विश्वस्त मंडळ आज १९१० च्या कायद्याने चालते. कोलकात्याच्याच व्हिक्टोरिया स्मारकासाठी १९०३ चा, तर हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयासाठी १९६१ चा कायदा आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पाया १९०५ मध्ये घातला गेला, विश्वस्त मंडळाचा कायदा १९०९ मध्ये झाला आणि लोकांसाठी दारे उघडली १९२२ मध्ये. दिल्लीचे ‘राष्ट्रीय संग्रहालय’ मात्र नावाने राष्ट्रीय असले, तरी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाचे एक कार्यालय आहे. तिथे असे विश्वस्त नाहीत.

विश्वस्तांना नेमके काय करता येत नाही, हे साताऱ्याने अगदी जवळून पाहिले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे १९ जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. महाराष्ट्रात तीन वर्षांसाठी आणि त्यांतले सात महिने साताऱ्यात, असा करार होता. ‘आपलीच आहेत म्हणता, तर परत कशाला द्यायची?’ हा प्रश्न तेव्हा रांगेतही होता आणि वर्तमानपत्रांतही. भावनेने तो रास्त आहे. उत्तर ब्रिटनच्या १९८३ च्या राष्ट्रीय वारसा कायद्यात आहे. लंडनच्या या संग्रहालयाचे बारा ते वीस विश्वस्त तिथले पंतप्रधान नेमतात. पण वस्तू कायमची देऊन टाकण्याची मुभा त्यांना अगदी मोजक्या कारणांसाठी आहे. तशीच दुसरी वस्तू संग्रहात असेल, किंवा वस्तू ठेवण्याजोगी राहिली नसेल, अशी ती कारणे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवता येऊ नये, यासाठीच हे कलम. उसनी देणे तेवढे त्यांच्या हातात असते, म्हणून वाघनखे आली ती मुदतीने. हे कलम एका परीने संग्रहाचे रक्षण करते आणि दुसऱ्या परीने वसाहतकाळात बाहेर गेलेल्या वस्तूंच्या वाटेत आडवे येते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ते बदलायचे तर दार ब्रिटिश संसदेचे ठोठावावे लागेल. विश्वस्तांवर रागावून काही हाती लागणार नाही.

याच वाघनखांवरून विश्वस्तपदाची दुसरी बाजूही दिसते, ती म्हणजे पाटीवर काय लिहायचे. वाघनखांबरोबरच्या डबीवरील मजकूर सांगतो की, जेम्स ग्रँट डफ साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी असताना पेशव्यांच्या प्रधानाने त्याला ती दिली. शिवाजी महाराजांनी अफझलखानावर वापरली ती हीच, असा दावाही त्यावर आहे. पण ही तीच वाघनखे आहेत याची खात्री देता येत नाही, हे लंडनच्या संग्रहालयाने स्वतःच नमूद केले आहे. गर्दी खेचणारी वस्तू हातात असताना असे लिहिणे सोपे नसते. साताऱ्यातून गेलेली वस्तू दोनशे वर्षांनी साताऱ्यात आली, एवढी गोष्टही पुरेशी मोठी आहे. पुराव्यांना न झेपणारे दावे तिला चिकटवण्याची गरज नाही.

साताऱ्याच्या संग्रहालयाला स्वतःचे विश्वस्त मंडळ नाही. ते राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. म्हणून ३ ऑक्टोबर २०२३ रोजी लंडनमध्ये करारावर सही झाली ती राज्य सरकारच्या वतीने. सातारा जिल्ह्यातल्याच औंधचे श्रीभवानी संग्रहालयही आज शासनाकडेच आहे, पण त्याची जन्मकथा निराळी. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जन्मभर जमवलेली चित्रे-शिल्पे १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर लोकांसाठी मांडली. त्यांत राजा रविवर्म्याची चित्रे आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्‍री मूर यांचे माता-बालकाचे शिल्पही. पुढच्याच वर्षी याच राजाने, गांधीजींच्या सल्ल्याने बेतलेल्या घटनेनुसार, राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. धनिकाने स्वतःला संपत्तीचा विश्वस्त समजावे हे गांधीजींचे म्हणणे पुष्कळांनी भाषणात घेतले. ते इमारतीच्या रूपाने पाहायचे असेल तर औंधला जावे.

खासगी न्यासाने (ट्रस्टने) चालवलेल्या संग्रहालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. नोंदणी धर्मादाय कार्यालयात. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत ‘चेंज रिपोर्ट’ द्यावा लागतो. तो वेळेवर न दिल्याने मयत विश्वस्त कागदावर वर्षानुवर्षे जिवंत राहतात, हा जुनाच आजार आहे. न्यासाची जमीन किंवा इमारत विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. हे कलम स्थावर मालमत्तेपुरते आहे. संग्रहालयाचे धन मात्र जंगम असते : नाणी, तलवारी, पोथ्या, मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे. म्हणजे भिंतीवर कायद्याची नजर कडक, आणि भिंतीवर टांगलेल्या ढालीची भिस्त मुख्यतः विश्वस्तांवर.

म्हणून या कामातली सर्वांत मोलाची वस्तू दालनात नसते, कपाटात असते : दाखल नोंदवही. वस्तू आली की तिला क्रमांक, कोणाकडून आली, दान की उसनी, मापे, कुठे चीर, कुठे गंज. तोच क्रमांक वस्तूवर न दिसणाऱ्या जागी बारीक ब्रशने लिहितात. आधी पारदर्शक रोगणाचा पातळ थर, त्यावर शाई, वर पुन्हा थर. म्हणजे पुसताही येतो आणि मूळ पृष्ठाला शाई लागत नाही. ‘आजोबांच्या नावाचे दालन करणार असाल तरच तलवारी देतो’ असे वाड्यावरून सांगणे आले, तर विनयाने नकार देणे हे विश्वस्तांचे काम; अटीचे दान पुढच्या मंडळाच्या गळ्यात अडकते. विश्वस्त स्वतः नाण्यांचा शौकीन असेल, तर त्याने संग्रहालयाशी चढाओढ करून नाणी घेऊ नयेत, असा आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या आचारसंहितेचा रोख आहे. गावात सगळेच एकमेकांचे पाहुणे, तेव्हा हे पाळणे सगळ्यांत अवघड जाते.

पडताळणीची चांगली पद्धत दुहेरी आहे. विश्वस्तांनी नोंदवहीतले कोणतेही दहा क्रमांक वाचायचे आणि त्या वस्तू समोर मागवायच्या. मग उलट : फळीवरच्या कोणत्याही दहा वस्तू उचलून त्यांचे क्रमांक वहीत शोधायचे. पहिल्या फेरीत हरवलेली वस्तू कळते. दुसरी फेरी बहुतेक ठिकाणी कंटाळा म्हणून टाळतात. खरे तर तिच्यातच वहीत कधी न चढलेली वस्तू सापडते, जी उद्या गेली तरी गेल्याचे कोणालाच कळणार नसते.