अतिउत्तेजनजन्य चेताहानी व ताण-संप्रेरके

ग्लुटामेट या उत्तेजक चेतापारेषकाच्या अतिरेकी क्रियेने चेतापेशींना होणारी इजा आणि तीवर ताण-संप्रेरकांचा होणारा परिणाम. ग्लुटामेट दिलेल्या उंदरांच्या पिलांच्या दृष्टिपटलातील पेशी मरतात, हे लूकस व न्यूहाउस यांनी १९५७ मध्ये नोंदवले. जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये तशीच हानी मेंदूत दाखवली. पेशींबाहेर ग्लुटामेट साचले, की एनएमडीए ग्राहींवाटे (पेशीच्या पृष्ठभागावरील, ग्लुटामेटने उघडणारी प्रथिने) कॅल्शियम आत लोटते, प्रथिने व मेद तोडणारी एंझाइमे कार्यान्वित होतात आणि तंतुकणिका (पेशीतील ऊर्जानिर्मितीची केंद्रे) निकामी होतात. पक्षाघात, लांबलेला अपस्माराचा झटका व डोक्याला मार लागणे यांत हे घडते.

मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारी ग्लुकोकॉर्टिकॉइडे ही ताण-संप्रेरके (माणसात मुख्यतः कॉर्टिसॉल) ही हानी वाढवतात. १९८० च्या दशकाच्या मध्यास रॉबर्ट सापोल्स्की यांनी घुशींवर केलेल्या प्रयोगांत, कॉर्टिकोस्टेरोन (घुशींतील मुख्य ग्लुकोकॉर्टिकॉइड) जास्त असताना, ग्लुटामेटसारखी क्रिया करणाऱ्या काइनिक आम्लाने हिप्पोकॅम्पसला (मेंदूतील स्मृतीशी निगडित भाग) झालेली इजा मोठी, तर अधिवृक्क ग्रंथी काढल्यावर लहान आढळली. या संप्रेरकांमुळे पेशी ग्लुकोज कमी घेतात. ग्लुटामेट हटवणे व कॅल्शियम बाहेर टाकणे ही दोन्ही कामे ऊर्जेवर चालतात. संकटाच्या वेळी नेमकी तीच अपुरी पडते.

मग ही संप्रेरके एकटीच पेशी मारतात काय? आरंभीच्या काही अभ्यासांवरून तसे वाटले होते. मात्र १९९० च्या सुमारास घुशींत, हिप्पोकॅम्पसच्या सीए३ भागातील पेशी न मरता त्यांच्या शाखिका (संदेश घेणारे फाटे) आखडतात, असे दिसले. ताण सरल्यावर त्या बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. उलट बाजूचा पुरावा अधिक बोलका आहे : अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या घुशींत हिप्पोकॅम्पसलगतच्या दंतुर वलयातील कणपेशी (लहान चेतापेशी) मरतात, असे स्लोविटर व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवले. म्हणजे संप्रेरकाची थोडी मात्रा या पेशींना जगण्यासाठीच लागते. तेव्हा ही संप्रेरके स्वतः मारक नसून पेशीला दुर्बल करतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

संरक्षणाचे उपाय प्राण्यांपुरतेच यशस्वी ठरले आहेत. कॉर्टिकोस्टेरोनची निर्मिती रोखणाऱ्या मेटिरापोनने त्यांच्यातील हानी घटते. पण एनएमडीए ग्राही रोखणारी औषधे पक्षाघाताच्या रुग्णांवरील चाचण्यांत निष्फळ ठरली. मेमँटिन हे सौम्य रोधक अल्झायमर विकारात वापरतात. डोक्याला मार लागलेल्या दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत (२००४) मेथिलप्रेडनिसोलोन हे कृत्रिम ग्लुकोकॉर्टिकॉइड दिलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. त्यांचे कारण चेताहानीच होते, असे त्यावरून ठरत नाही.