उपग्रह भूकेंद्र

उपग्रहाकडे रेडिओलहरी पाठवणारे आणि त्याच्याकडून आलेल्या लहरी टिपणारे जमिनीवरचे केंद्र. पुणे जिल्ह्याला या इतिहासात मानाचे पान आहे. व्यापारी तत्त्वावरचे भारतातले पहिले भूकेंद्र १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या आर्वीला सुरू झाले. (वर्धा जिल्ह्यातली आर्वी वेगळी.) भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांच्या स्मरणार्थ त्याला ‘विक्रम’ हे नाव मिळाले. परदेशांशी होणारे दूरध्वनी आणि दूरचित्रवाणीचे दळणवळण इथून हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या उपग्रहामार्फत चाले.

आर्वीची तबकडी, म्हणजे लहरी पाठवणारा आणि टिपणारा डिश अँटेना, सुमारे ३० मीटर व्यासाची. एवढी मोठी कशासाठी? भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीच्याच गतीने फिरत आकाशात एका जागी स्थिर दिसणारा उपग्रह, विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. त्या काळच्या उपग्रहांची संदेश पाठवण्याची शक्ती तुटपुंजी, त्यामुळे जमिनीवर पोहोचेपर्यंत संदेश अतिशय क्षीण होई. तो गोळा करायला मोठी तबकडी हवी, आणि आजूबाजूच्या रेडिओ गोंगाटापासून आडोसाही हवा. म्हणून भूकेंद्रासाठी शहरापासून दूरची, डोंगरांनी वेढलेली जागा सोयीची ठरते.

दुर्गम भागाच्या दृष्टीने खरी कलाटणी याच गणितात आहे. उपग्रह ताकदवान झाला, की गावातली तबकडी लहान आणि स्वस्त होते; जड, खर्चिक यंत्रणा एकट्या भूकेंद्रात राहते. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या ‘साइट’ (सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट) या उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीच्या प्रयोगात हे दिसले. कार्यक्रम मुख्यतः अहमदाबादच्या भूकेंद्रातून एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाकडे जात आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत जाळीच्या, जेमतेम ३ मीटरच्या तबकड्यांवर थेट उतरत. शेती, आरोग्य आणि शाळेचे धडे रस्ता किंवा तार न पोहोचलेल्या वस्तीतही दिसले, हे या तंत्राचे मोठे श्रेय मानायला हवे. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता.

मर्यादाही आहेत. संदेशाला वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो. फोनवर दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळते. केयू पट्ट्यातल्या (जास्त वारंवारतेच्या) लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, त्यामुळे आपल्याकडे ऐन पावसाळ्यात डीटीएचचे चित्र गोठते. कमी वारंवारतेच्या सी पट्ट्याला हा त्रास बराच कमी, पण त्याला तबकडी मोठी लागते. शिवाय एका उपग्रहाची क्षमता सर्वांत वाटली जाते, म्हणून इंटरनेट महाग आणि संथ पडते. अंदमानने हे वर्षानुवर्षे सोसले; ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची ऑप्टिकल फायबर केबल पोहोचेपर्यंत मुख्य भूमीशी तिथला संपर्क प्रामुख्याने उपग्रहावरच चाले.