रक्तदाबाचा हिशेब मूत्रपिंडाकडे

रक्तदाबाचं नाव निघालं की आपल्याला आधी हृदय आठवतं. पण हा दाब वर्षानुवर्षं कुठल्या पातळीवर राहणार, हे मुख्यतः मूत्रपिंडं ठरवतात. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण पाचवा हिस्सा मुठीएवढ्या या दोन अवयवांकडे जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव त्यांत गाळला जातो आणि लघवीवाटे बाहेर पडतो जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचा परत रक्तात. त्यात किंचित फेरफार झाला, तरी दाब हलतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती इथली रचना. मूत्रपिंडातल्या प्रत्येक सूक्ष्म गाळणीतून निघालेली नळी खाली जाते, वळसा घेते आणि परत स्वतःच्याच गाळणीच्या तोंडाशी येऊन टेकते! तिथल्या पेशी जणू द्रवातल्या मिठाची चव घेतात. शेजारीच गाळणीत रक्त आणणारी, केसाहून बारीक धमनी असते. मीठ कमी लागलं किंवा धमनीच्या भिंतीवरचा ताण सैलावला, की तिच्या भिंतीतल्या पेशी रेनिन नावाचं विकर (एन्झाइम) सोडतात.

सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कात दाब वाढवणारं काहीतरी आहे, हे टिगरस्टेट आणि बर्गमन या संशोधकांनी १८९८ मध्येच स्टॉकहोममध्ये दाखवलं होतं. 'रेनिन' हे नावही त्यांचंच. पण रेनिन स्वतः दाब वाढवत नाही. यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा ते तुकडा पाडतं. मुख्यतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत एसीई नावाचं विकर तो आणखी छाटतं आणि तयार होतं अँजिओटेन्सिन-२. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, तहान लागते, शिवाय मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडतात. अल्डोस्टेरॉन मीठ धरून ठेवतं, मिठामागोमाग पाणी येतं. मात्र या कामाला काही तास लागतात.

उलट बाजूने हृदयही बोलतं. रक्त जास्त होऊन त्याचे वरचे कप्पे ताणले गेले, की तेही एक संप्रेरक सोडतं: मीठ जाऊ द्या.

ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषात एसीईला अडवणारे घटक सापडले आणि त्या धाग्यावरून रक्तदाब उतरवणारं कॅप्टोप्रिल हे औषध घडलं. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. या गटातल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला होतो. कारण एसीई ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थही मोडून टाकत असतं. ते अडवलं की तो साचतो. अशांना डॉक्टर बहुधा सार्टन गटातलं औषध देतात. ते एसीईला हात लावत नाही, अँजिओटेन्सिन पेशीवर जिथे जाऊन बसतं तीच जागा अडवतं.