खांद्यावरची तोफ आधी जवानालाच पाडते

विज्ञानकथेत यांत्रिक चिलखत घातलेला जवान आला की लेखकाचा हात सैल सुटतो. चिलखताच्या मोटारी शंभर किलो सहज उचलतात, मग खांद्यावर तोफ द्यायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती मोटारींच्या ताकदीची नाही. पुण्यात तरी हे गणित परकं वाटायला नको. इन्सास रायफल आणि पिनाका रॉकेट प्रणाली जिथे घडली ती एआरडीई ही शस्त्रसंशोधन संस्था पाषाणला आहे, आणि खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालापासून उभा आहे. काल्पनिक शस्त्र रचतानाही सुरुवात खऱ्या बंदुकीप्रमाणेच, गोळी सुटताना मागे बसणाऱ्या धक्क्यापासून करावी लागते.

जवान, चिलखत, बॅटरी आणि शस्त्र मिळून २५० किलो धरू. शस्त्र म्हणून १२.७ मिलिमीटरची जड मशीनगन घेऊ, कारण तिचे आकडे पक्के माहीत आहेत. गोळी सुमारे ४३ ग्रॅमची, वेग सेकंदाला ८९० मीटरच्या आसपास. म्हणजे संवेग (वस्तुमान गुणिले वेग) झाला ३८ न्यूटन-सेकंद, आणि तेवढाच धक्का मागे बसतो. पण नळीतून गोळीमागोमाग जळालेल्या दारूचा वायूही सुटतो, तो गोळीपेक्षा जास्त वेगाने. पंधरा ग्रॅम दारूचे आणखी १९ धरले की एका गोळीचा धक्का ५७ न्यूटन-सेकंद होतो. वायूचा हा हिस्सा विसरणं ही अशा आकडेमोडीतली सर्वांत नेहमीची चूक आहे. त्याने उत्तर दीडपटीने चुकतं.

एका गोळीने २५० किलोचा जवान सेकंदाला जेमतेम २३ सेंटिमीटर वेगाने मागे ढकलला जाईल. ते सोसण्यासारखं आहे. प्रश्न सलग माऱ्याचा आहे. मिनिटाला ६०० गोळ्या म्हणजे सेकंदाला दहा, आणि सरासरी बल ५७० न्यूटन. बंदूक जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर हे बल जवानाला टाचेवरून मागे पाडू पाहतं. त्याला रोखतं ते फक्त वजन. शरीराचा गुरुत्वमध्य टाचेच्या २५ सेंटिमीटर पुढे असेल तर वजनाचं आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर (बल गुणिले अंतर), सुमारे ६१३ न्यूटन-मीटर भरतं, तर बंदुकीचं ८५५. जवान पडणारच. त्याच्या गुडघ्यातली मोटर दुप्पट ताकदीची केली तरी पडणार, कारण मोटर जवानाच्या शरीरातच आहे आणि जमिनीकडून मिळणारा आधार तिच्याने वाढत नाही.

आता बंदुकीची उंची बदलून बघा. दीड मीटरवरून सलग सोसता येणारा वेग मिनिटाला ४३० गोळ्या. कमरेशी, एक मीटरवर आणली तर जवळजवळ ६४५. आणि चित्रांमध्ये सगळ्यांना आवडणारी, डोक्याच्या बाजूला दोन मीटरवर बसवलेली खांद्यावरची तोफ घेतली तर अवघ्या ३२०. शस्त्र कमरेला लावणं दिसायला साधं असलं तरी यंत्रशास्त्र त्याच्याच बाजूने आहे. शिवाय खांद्यावरची नळी शरीराच्या मध्यरेषेपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर बाजूला असते, त्यामुळे प्रत्येक गोळीला धड उजवीकडे पीळ खातं आणि नेम बाजूला सरकत जातो. इथे मात्र मोटारी खरोखर उपयोगी पडतात, कारण नळी लक्ष्यावर धरून ठेवणं हे त्यांचं काम आहे.

दुसरा उपाय पाय फाकवण्याचा. धावत्या पीएमपी बसमध्ये उभा असलेला माणूस पाय पुढे-मागे टाकतो, तेच इथे करायचं. गुरुत्वमध्य मागच्या टाचेच्या ४५ सेंटिमीटर पुढे आला की दीड मीटरवरूनही मिनिटाला पावणेआठशे गोळ्या सोसतात. मग पडण्याऐवजी घसरण्याची भीती उरते. समजा हा जवान पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर आहे, चढ पंधरा अंशांचा आणि नेम वरच्या दिशेने. उतारामुळेच ६३५ न्यूटन त्याला खाली ओढतात. मिनिटाला ४३० गोळ्यांचं ४०९ न्यूटन त्यात मिळवलं तर पाय टिकायला ०.४४ इतका घर्षण गुणांक (पृष्ठभागाच्या पकडीचं माप) हवा. शेवाळलेल्या कातळावर तेवढा मिळेलच असं धरून चालता येत नाही. तोफांच्या मागे जमिनीत रुतणारं पातं असतं, तसं टाचेला लावावं तर आपला काळा कातळ ते आत घेत नाही आणि भिजलेली काळी माती त्याला धरून ठेवत नाही. कातळासाठी टोकदार खिळे आणि मातीसाठी रुंद पातं, असे दोन वेगळे तळवे लागतील.

धक्का नाहीसा करता येत नाही, पण लांबवता येतो. तीस किलोची बंदूक सरकपट्टीवर बसवली तर ५७ न्यूटन-सेकंदांनी ती सेकंदाला १.९ मीटर वेगाने मागे येते. ती दोन सेंटिमीटरमध्ये थांबवली तर चौकटीवर सरासरी २,७०० न्यूटन बसतात, दहा सेंटिमीटरमध्ये थांबवली तर ५४०. मग पट्टी वीस सेंटिमीटरची का करू नये? कारण वेळ. दहा सेंटिमीटर सरकून थांबायलाच सेकंदाचा दहावा भाग जातो, आणि मिनिटाला ६०० गोळ्यांच्या वेगात पुढची गोळी नेमकी तेव्हाच सुटते. बंदूक परत जागेवर आलेलीच नसते, पुढचा धक्का उरलेल्या जागेत बसतो आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीला सरकपट्टी शेवटच्या अडणीवर आपटते. म्हणून लांब पट्टी हवी असेल तर मारा मिनिटाला ३००च्या खाली ठेवावा. माझ्या मते काल्पनिक चिलखतासाठी हीच सर्वांत विश्वासार्ह रचना आहे: कमरेला, संथ, जड गोळी.

आता रेलगन, म्हणजे दारूऐवजी दोन रुळांतून वीज सोडून चुंबकी बलाने गोळी फेकणारी बंदूक, कारण तिच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तिला धक्का बसत नाही हा गैरसमज आहे. पण १२.७ मिलिमीटरच्या गोळीत असते तेवढीच १७ किलोज्यूल ऊर्जा हलक्या आणि वेगवान गोळीला दिली तर संवेग कमी होतो. साडेआठ ग्रॅम, सेकंदाला २,००० मीटर, संवेग फक्त १७. धक्का तिपटीहून कमी झाला. किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. एक मीटरच्या नळीत हा वेग गाठायचा तर गोळीवर १७,००० न्यूटन बल हवं, आणि त्यासाठी रुळांतून सुमारे २.६ लाख अँपिअर प्रवाह एक मिलिसेकंद वाहायला हवा. कार्यक्षमता २० टक्के धरली तर दर गोळीला ८५ किलोज्यूल. लिथियम बॅटरीच्या एका किलोत अंदाजे ७२० किलोज्यूल मावतात, म्हणजे किलोमागे साडेआठ गोळ्या. १२.७ मिलिमीटरचं एक काडतूस ११५ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे तिथेही किलोमागे साडेआठच! दारूगोळ्याचं वजन वाचेल ही रेलगनची जाहिरात या आकड्याशी टिकत नाही. वर बॅटरी एवढा प्रवाह एका झटक्यात देऊ शकत नाही, म्हणून मध्ये वीज साठवून झटक्यात सोडणारे कॅपॅसिटर हवेत. किलोला दोन किलोज्यूल धरले तरी ते चाळीस किलोंच्या वर जातात.

उष्णतेचा मुद्दा वेगळा. वाया गेलेल्या ६८ किलोज्यूलपैकी पाव हिस्सा चार किलो तांब्याच्या रुळांत उतरला तर दर गोळीला तापमान ११ अंशांनी चढतं. वीस गोळ्यांनंतर २२० अंश. ही झाली सरासरी. गोळी रुळांना घासते त्या पृष्ठभागावर तांबं वितळून खरवडलं जातं आणि नळी हळूहळू ढिली होते. अमेरिकी नौदलाने २०१० मध्ये ३३ मेगाज्यूलची चाचणी करूनही २०२१ मध्ये रेलगनचं काम थांबवलं. कथेतल्या रेलगनला बदलता येणारे रूळ द्या, आणि ते बदलायला जवानाला वेळही द्या.

लेसरला धक्का जवळजवळ नाही. पण ३० किलोवॅटचा किरण काढताना त्याच्या दुप्पट उष्णता मागे उरते. ती पाण्याची वाफ करून घालवली तर मिनिटाला सुमारे १.४ लिटर पाणी लागतं, आणि वाफेचा गरम ढग जवानाची जागा उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला दाखवून देतो. सह्याद्रीतल्या पावसाळी धुक्यात तर किरणच विखुरतो.

मोठी गोळी हवीच असेल तर प्रतिवस्तुमानाचा, म्हणजे गोळीच्या उलट दिशेने काहीतरी जड फेकण्याचा मार्ग आहे. २४० ग्रॅमची ३० मिलिमीटरची गोळी सेकंदाला ८०० मीटरने गेली की नुसत्या गोळीचाच धक्का १९२ न्यूटन-सेकंद होतो. उभ्या जवानाला एकाच फटक्यात पाडायला १५५ पुरतात. तोच संवेग २.४ किलो पाण्याला सेकंदाला ८० मीटर वेगाने मागे फेकून तोलता येतो. एटी-४ सीएस या खांद्यावरून डागायच्या खऱ्या रणगाडाविरोधी शस्त्रात असंच खारं पाणी मागे फेकतात, त्यामुळे ते बंदिस्त जागेतूनही चालवता येतं. नुसता वायू मागे सोडणाऱ्या शस्त्राची झळ सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या खोलीत जवानावरच उलटली असती. मात्र दर गोळीला अडीच किलो पाणी म्हटल्यावर दोन-तीन गोळ्यांपलीकडे कोणी वाहून नेणार नाही, आणि पाठीमागे चालणाऱ्या साथीदाराला बाजूलाच राहावं लागतं.

या सगळ्यांवर एक लगाम हवा: तळव्यांतले दाबमापक. मागच्या टाचेवर एकूण वजनाच्या ८० टक्क्यांहून जास्त भार आला की मारा आपोआप मंदावेल अशी जोडणी करावी. कथेसाठी हा सर्वांत उपयोगी भाग आहे, कारण तो समजण्यासारख्या कारणाने चुकतो. भिजलेल्या मातीत टाच रुतते, भार पुढच्या बोटांवर सरकल्यासारखा वाचला जातो आणि यंत्रणेला वाटतं जवान पुढे झुकलाय, मारा वाढवायला जागा आहे. म्हणून दाबाच्या जोडीला धडाचा कल मोजणारा जायरोही लागतो, आणि दोघांचं पटलं नाही तर कलाचं ऐकायचं. चाचणी आधी खांबाला बांधलेल्या बंदुकीवर, मग वाळूची पोती भरलेल्या रिकाम्या चिलखतावर, एक-एक गोळीने सुरू करून तीन, मग दहा. माणूस आत बसतो तो रिकामं चिलखत ओल्या उतारावरही उभं राहिल्यानंतर.