फायनल इयर प्रोजेक्ट: ब्लॅक बुक परत का येते आणि व्हायव्हात गाडी कुठे अडते

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट वाईट म्हणून अडकणारे थोडे. बहुतेक ग्रुप अडकतात ते कागदांपायी, तेही शेवटच्या आठवड्यात. ब्लॅक बुक म्हणजे बांधलेला प्रोजेक्ट रिपोर्ट, आणि व्हायव्हा म्हणजे त्यावरची तोंडी परीक्षा.

पात्रतेचं फार काही नाही. पुणे विद्यापीठात या विषयाचं नाव प्रोजेक्ट स्टेज १ आणि २, मुंबईत मेजर प्रोजेक्ट १ आणि २. आठव्या सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म भरलेला हवा, रिव्ह्यू दिलेले हवेत, लॉगबुकवर, म्हणजे कामाच्या नोंदवहीवर, गाइडच्या सह्या हव्यात. लॉगबुक एका रात्रीत एकाच पेनाने भरलं की ते लगेच ओळखू येतं, एवढं लक्षात ठेवा.

खरा घोळ तारखेचा. नोटिशीवरची 'सबमिशनची अंतिम तारीख' म्हणजे बाइंडिंग आणि सह्या झालेली प्रत विभागात देण्याची तारीख. गाइडला पहिल्यांदा पीडीएफ पाठवण्याची नव्हे! दरवर्षी निम्मी मुलं हेच करतात. म्हणून उलटं मोजा. प्राचार्यांच्या सहीला दोन दिवस धरा, कारण साहेब मीटिंगमध्ये असतात. बाइंडिंगला दोन दिवस, कारण सगळं कॉलेज त्याच दुकानात उभं असतं. गाइडच्या दुरुस्त्यांना किमान आठवडा.

प्रोजेक्टचं नाव सिनॉप्सिसला (सुरुवातीला दिलेल्या आराखड्याला) मंजूर झालं तेच, अक्षर न अक्षर, कव्हर, सर्टिफिकेट आणि पीपीटीवर हवं. एका ठिकाणी 'युझिंग मशीन लर्निंग' आणि दुसरीकडे 'बेस्ड ऑन मशीन लर्निंग' असलं की सोनेरी अक्षरांची बांधलेली प्रत परत. खर्च तुमचा.

स्पॉन्सर्ड, म्हणजे एखाद्या कंपनीसाठी केलेला, प्रोजेक्ट असेल तर कंपनीचं पत्र लागतं, आणि ते वेळेवर कुणाकडेच नसतं. इंटर्नशिपचं ऑफर लेटर चालत नाही. लेटरहेडवर प्रोजेक्टचं नाव, ग्रुपमधल्या सगळ्यांची नावं, कालावधी, सही-शिक्का असं पत्र मागा, आणि फेब्रुवारीतच मागा. एप्रिलपर्यंत तुमचा तिथला मेंटॉर नोकरी बदलून गेलेला असतो.

आता प्लॅजरिझम रिपोर्ट, म्हणजे मजकूर इतरांच्या लेखनाशी किती टक्के जुळतो त्याचा अहवाल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. तो आकडा मुख्यतः प्रबंधांसाठीचा; प्रोजेक्टला कॉलेज आपली मर्यादा लावतं, ती आधी विचारा. त्याच नियमांनुसार संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश तपासणीतून वगळायचे असतात. पण ते वगळण्याची सेटिंग कुणीतरी करावी लागते. घाईत ती राहते आणि टक्का फुगतो. लायब्ररीत फाइल देतानाच सांगा. इंटरनेटवरच्या फुकट वेबसाइटचा रिपोर्ट सहसा कुणी धरत नाही.

टक्का कमी करायला शब्द बदलणारी टूल्स वापरू नका. त्यांच्यापायी 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेलं छापील शोधनिबंधांतही सापडलं आहे. एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, ते वाक्य मोठ्याने वाचायला लावलं तर काय कराल? लिटरेचर सर्व्हे, म्हणजे आधीच्या शोधनिबंधांचा आढावा, मूळ पेपर बाजूला ठेवून स्वतःच्या शब्दांत लिहा. वेळ लागतो, पण लिहिलेलं टिकतं.

व्हायव्हाला पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला: 'यात तुझं काम कोणतं?' चौघांपैकी एकानेच कोड लिहिलेला असतो, हे एक्स्टर्नलना पक्कं ठाऊक असतं. प्रत्येकाने निदान एक मॉड्यूल ओळ न ओळ समजून घ्या. मॉडेलची अ‍ॅक्युरसी (अचूकता) 98 टक्के लिहिली असेल तर कोणत्या डेटावर, टेस्टिंगचा डेटा ट्रेनिंगमध्ये मिसळला नव्हता ना, हे विचारलं जाणारच. 'सरांनी सांगितलं म्हणून' हे उत्तर गाइडसमोर देऊ नका, बिचारे शेजारीच बसलेले असतात. डेमो कॉलेजच्या वायफायवर चालेल असं धरू नका. आदल्या दिवशी चालता व्हिडिओ रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर ठेवा.

सर्टिफिकेटवरची एक्स्टर्नलची जागा त्या दिवसापर्यंत कोरीच राहू द्या. व्हायव्हा संपला की सगळ्या प्रती तेच पान उघडून पुढे करा, विभागाचीही आणि तुमच्या स्वतःचीही. बाहेरगावचे एक्झामिनर गाडी गाठायला निघाले की सहीसाठी त्यांच्या कॉलेजात जावं लागतं.