वाळ्याचं कूळ, एका मणक्यावरून

कुंडीतली माती उकरताना गांडुळासारखा काळसर, चकचकीत जीव वळवळत बाहेर येतो, तो बऱ्याचदा वाळा असतो. वीतभर लांबीचा साप, डोळ्यांच्या जागी जेमतेम दोन ठिपके. त्याच्या कुळाचा इतिहास शोधायला गेलं की हाती लागतात ते दोन-तीन मिलिमीटरचे मणके. कवटी इतकी नाजूक की ती क्वचितच टिकते. मणकेही मिळतात ते पोत्यांनी गाळ बारीक चाळणीतून धुऊन, उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून निवडल्यावर.

एवढे कष्ट एका जुन्या वादापायी. सापांचे पाय गेले कुठे, समुद्रात की मातीत? 1869 मध्ये अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ एडवर्ड कोप यांनी सापांचं नातं मोसासॉर या समुद्री सरीसृपांशी जोडलं. 1940 च्या सुमारास प्राण्यांच्या डोळ्यांचे अभ्यासक गॉर्डन वॉल्स यांनी डोळ्याकडे बोट दाखवलं. सरडा भिंगाचा आकार बदलून नजर जुळवतो, साप अख्खं भिंग पुढे-मागे सरकवतो. पूर्वज जमिनीखाली राहिले, डोळा जवळपास गमावला आणि वर आल्यावर तो नव्याने घडला, असं त्यांचं म्हणणं. मला हा युक्तिवाद आजही विलक्षण वाटतो. पण डोळे काही जीवाश्म होत नाहीत. हाडंच हवीत.

त्यातलं एक हाड फार आधी सापडलं होतं. 1892 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ ऑथ्निएल मार्श यांनी अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या एका मणक्यावरून एका प्राचीन सापाला कोनिओफिस हे नाव दिलं. त्याच्या जबड्याची हाडं अभ्यासली जाऊन 2012 मध्ये निबंध आला: दात सापाचे, जबडा सरड्यासारखा ताठ, अंगकाठी मातीत घुसणाऱ्याची. दरम्यान 2006 मध्ये अर्जेंटिनातला नजाश हा जीवाश्म साप जाहीर झाला होता, मागचे पाय शाबूत असलेला आणि जमिनीवरचा.

मातीतच राहणाऱ्या वाळ्यांचं स्वतःचं पान मात्र कोरंच होतं. 2010 च्या जनुकीय अभ्यासाने त्यांची मुळं गोंडवन या दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडात, भारत आणि मादागास्कर एकत्र होते त्या काळापर्यंत नेली. हाती असलेले मणके मात्र डायनासोर संपल्यानंतरचे. 2020 मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यातून, एका मणक्यावरून, बोइपेबाचं वर्णन आलं. तो डायनासोरांच्या काळातला वाळा, तोही मीटरभराहून लांब! आजचे बहुतेक वाळे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचेही नाहीत. म्हणजे वाळ्यांचा इवलेपणा मागाहून आलेला असू शकतो. मग आजच्या वाळ्याकडे पाहून पहिल्या सापाचा आकार ठरवता येत नाही.